पार्श्वभूमी : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे, तिथली गळती आणि ती थांबवण्यासाठी आलेली अनुदाने

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज हे दोन वर्षांची पदवी देणारे, प्रवेशाच्या वेळी सहसा कोणालाही परत न पाठवणारे सार्वजनिक महाविद्यालय असते. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झालेले ज्युनियर कॉलेज हे या परंपरेतले आजही चालू असलेले सर्वांत जुने महाविद्यालय समजले जाते. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते मात्र १९४७ साली, अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालामुळे. घराजवळचे, स्वस्त आणि सर्वांना खुले असे महाविद्यालय गावोगावी असावे, असे त्या आयोगाचे म्हणणे होते.

दार उघडले, पण आत गेलेल्यांचे पुढे काय होते याची चौकशी बराच काळ कोणी केली नाही. कॅलिफोर्नियात महाविद्यालयाला मिळणारा सरकारी पैसा प्रामुख्याने सत्राच्या सुरुवातीला एका ठरावीक दिवशी पटावर किती नावे आहेत यावर ठरत असे. त्या दिवसानंतर विद्यार्थी निघून गेला तरी महाविद्यालयाच्या हिशेबात फारसा फरक पडत नसे. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने सॅन होजे येथील एका कॉलेजाच्या अभ्यासावरून १९६० सालीच दाखवून दिले होते, की विद्यापीठात जाण्याची इच्छा धरून आलेल्या अनेकांच्या महत्त्वाकांक्षा इथे हळूहळू, कोणाला न दुखावता, थंड केल्या जातात. हे निरीक्षण पुढे खूप उद्धृत झाले. धोरणावर मात्र त्याचा परिणाम लगेच दिसला नाही.

पैशाचे दोन प्रवाह याच सुमारास सुरू झाले आणि त्यांतला फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. १९७२ साली आलेले आणि पुढे सिनेटर क्लेबोर्न पेल यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले अनुदान गरीब विद्यार्थ्याच्या नावे मिळते. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातील तिसऱ्या प्रकरणाखालचे अनुदान संस्थेला मिळते, आणि तेही स्पर्धात्मक अर्ज करून, ठरावीक वर्षांपुरते. वेगवेगळ्या वंशांच्या आणि उत्पन्नगटांच्या विद्यार्थ्यांच्या निकालांतली ‘तफावत कमी करण्याचे प्रकल्प’ म्हणून आज ज्यांची चर्चा होते त्यांतले बरेचसे या दुसऱ्या वाटेने आले आहेत. ज्या संस्थेत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांचे प्रमाण किमान २५ टक्के आहे तिला १९९२ पासून कायद्यात वेगळी ओळख मिळाली आणि १९९८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. पात्रतेचा हा निकषसुद्धा किती जण आत आले यावरच बेतलेला आहे, किती जण पदवी घेऊन बाहेर पडले यावर नाही.

पदवी घेणाऱ्यांची मोजणी सक्तीची झाली १९९० च्या एका संघीय कायद्याने. दोन वर्षांच्या पदवीसाठी तीन वर्षांची मुदत धरून किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, हे महाविद्यालयांना जाहीर करावे लागू लागले. गळती नेमकी कुठे होते हे पाहण्यासाठी गणिताचे उदाहरण पुरेसे आहे. प्रवेशानंतर एक चाचणी होई आणि तीत कमी पडलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी न धरल्या जाणाऱ्या पूर्वतयारीच्या वर्गात बसवले जाई. काहींना असे एकापाठोपाठ तीन वर्ग. प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर जण टिकले असे धरले, तर तीन पायऱ्यांनंतर चौतीस उरतात आणि प्रत्यक्ष पदवीचे गणित उत्तीर्ण होणारे जेमतेम चोवीस. खालच्या पायरीवर ढकलले जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी प्रमाणाबाहेर असल्यामुळे तफावत वाढवण्याचे काम ही व्यवस्थाच करत होती.

ल्युमिना फाउंडेशन या खासगी देणगीदार संस्थेने २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘अचीव्हिंग द ड्रीम’ या उपक्रमाचा भर नेमका इथे होता : सरासरीवर न थांबता आकडेवारी वंश, उत्पन्न, लिंग यांप्रमाणे फोडून पाहा आणि मग उपाय ठरवा. पहिल्या फेरीतील महाविद्यालयांना पाच वर्षांत प्रत्येकी साडेचार लाख डॉलर मिळाले. २०११ च्या मूल्यमापनात मात्र विद्यार्थ्यांच्या एकूण निकालात फारसा फरक आढळला नाही. आकडे पाहण्याची सवय लागली, पण उपाययोजना बहुतेक ठिकाणी थोड्या विद्यार्थ्यांपुरत्याच राहिल्या.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये नगरप्रशासनाच्या दारिद्र्यनिवारण निधीतून सुरू केलेला ‘एसॅप’ हा कार्यक्रम या सगळ्यात उठून दिसतो. त्यात बस आणि सबवेचा पास होता, पुस्तकांचा खर्च होता आणि मोजकेच विद्यार्थी सांभाळणारा, वारंवार भेटणारा सल्लागार होता. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे ही अट होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेल्याचे दिसले. प्रत्येक विद्यार्थ्यामागे तीन वर्षांत सुमारे सोळा हजार डॉलर जास्त लागले, तरी एका पदवीमागचा खर्च कमीच भरला. ओहायोतील तीन महाविद्यालयांनी हाच नमुना उचलला तेव्हा तिथेही जवळपास तसाच निकाल आला. ‘एसॅप’ टिकला, कारण तो पुढे विद्यापीठाच्या नियमित खर्चात गेला. अन्यत्र बहुधा अनुदान संपते त्या महिन्यात सल्लागाराचे पदही संपते.

कॅलिफोर्नियाने राज्याच्या अर्थसंकल्पातून हा प्रश्न हाताळला. २०१४-१५ मध्ये समन्यायासाठी, म्हणजे मागे पडणाऱ्या गटांना बरोबरीला आणण्यासाठी, सात कोटी डॉलर स्वतंत्र ठेवले गेले आणि प्रत्येक महाविद्यालयाला तफावतीचा आराखडा सादर करावा लागला. २०१७ च्या कायद्याने प्रवेशचाचणीचे महत्त्व काढून घेऊन शालेय गुणांना पुढे आणले आणि विद्यार्थ्याला शक्यतो थेट पदवीच्या गणितात बसवावे असे बंधन घातले. माझ्या मते यांतला अधिक परिणामकारक बदल दुसरा, आणि त्याला स्वतंत्र अनुदान जवळजवळ लागलेच नाही.

मराठी वाचकांना कॅलिफोर्नियातील कूपर्टिनोचे डी अँझा कॉलेज ऐकून ठाऊक असेल. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातील भारतीय घरांतली मुले तिथे वर्ग करतात. आशियाई व पॅसिफिक बेटवासी विद्यार्थ्यांसाठी २००७ च्या कायद्याने आलेल्या योजनेतील पहिल्या अनुदानप्राप्त संस्थांत ते होते. ‘आशियाई’ या एकाच रकान्यात भारतीय आणि चिनी विद्यार्थ्यांच्या शेजारी ह्मोंग, लाओ, फिलिपिनो अशा आग्नेय आशियाई समाजांतले विद्यार्थीही मोजले जातात आणि पहिल्यांच्या गुणांखाली दुसऱ्यांची अडचण झाकली जाते, हे दाखवून देण्यासाठी या योजनेचा मोठा उपयोग झाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने वंशाच्या प्रमाणावर पात्रता ठरवणाऱ्या अशा योजनांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा, खात्याच्या विवेकाधीन असलेला निधी त्या भेदभाव करणाऱ्या आणि घटनाबाह्य असल्याचे सांगून थांबवला. लॅटिनो विद्यार्थ्यांसाठीचे अनुदान आणि आशियाई-पॅसिफिक योजना या दोन्ही त्यात होत्या, आणि आधीच मंजूर होऊन अर्ध्यावर आलेल्या प्रकल्पांची उरलेली वर्षेही त्यात गेली.