राजे बदलले, पाट वाहत राहिले

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या कॅथेड्रलच्या दाराशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शेतकऱ्यांनी निवडून दिलेले आठ पंच काळे डगले घालून बसतात. कुणी पाळी मोडली, कुणी जास्त पाणी घेतलं, हे तोंडी ऐकून जागच्या जागी निकाल देतात. स्पेनच्या लोकांची गोष्ट मला राजवाड्यांपेक्षा या दाराशी जास्त कळते.

राज्यकर्ते तर येत-जातच राहिले. इ.स.पू. २१८ मध्ये रोमन सैन्य उतरलं, त्यांच्यानंतर व्हिसिगॉथ ही जर्मानिक टोळी आली. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आला आणि मुस्लिम राजवट सुरू झाली. व्हॅलेन्सियाच्या तुरिया नदीच्या पाटांचं जाळं त्याच काळात वाढलं. पाटाला स्पॅनिशमध्ये ‘आसेकिया’ म्हणतात, तो शब्द अरबी. ‘असं घडो’ या अर्थाचा ‘ओहाला’ही अरबी, आणि त्यात अल्लाचं नाव आहे.

१२३८ मध्ये आरागॉन या ख्रिस्ती राज्याच्या राजा जाउमेनं व्हॅलेन्सिया घेतलं. मशिदीच्या जागी कॅथेड्रल आलं, पण पाणी मात्र मुसलमानांच्या काळच्या रिवाजानंच वाटावं, असं त्यानं ठरवून दिलं.

रिवाज ठेवला, माणसं ठेवली नाहीत. १४९२ मध्ये ग्रॅनडा हे शेवटचं मुस्लिम राज्य पडलं, त्याच वर्षी ज्यूंना देशाबाहेर काढलं. १६०९ मध्ये फेलिपे तिसऱ्यानं मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, हाकललं. व्हॅलेन्सियाच्या राज्यात ते जवळपास एक तृतीयांश होते. पिढ्यानपिढ्या ज्यांनी तिथली जमीन कसली, त्यांना जहाजांत भरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडलं. हा अन्याय स्पेनच्या वैभवाच्या वर्णनात फार पटकन उरकला जातो. (पोर्तुगालचा मुकुट तेव्हा याच राजाकडे होता, म्हणजे गोव्याचाही.)

हा राजा हाब्सबुर्ग घराण्यातला. १७०० मध्ये बुर्बों हे फ्रेंच घराणं आलं; त्यांच्या फेलिपे पाचव्यानं १७०७ मध्ये व्हॅलेन्सियाचे जुने कायदे रद्द केले. पाण्याचे पंच टिकले. १८०८ मध्ये माद्रिदचे लोक फ्रेंच सैन्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर नेपोलियननं भावाला गादीवर बसवलं. पुढे प्रजासत्ताक, यादवी युद्ध आणि १९७५ पर्यंत हुकूमशहा फ्रँको. १९७८ च्या संविधानानं कलम १२५ मध्ये पारंपरिक न्यायालयांना मान्यता दिली.

आजही पुकारा एकेका पाटाचं नाव घेऊन होतो: क्वार्त, मिसलाता, फावारा, रास्कान्या. पुष्कळदा तक्रार घेऊन कुणीच आलेलं नसतं. तरी आठही नावं पुकारली जातात.