खडी गंमत

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर भागातला लोकनाट्याचा प्रकार. स्टेज-पडद्याचं काही काम नाही, चावडीपुढं जागा मिळाली की खेळ उभा. शाहीर, ढोलकी, तुणतुणं, लुगडं नेसलेला नाच्या हे इकडे सगळ्यांच्या ओळखीचं.

उगमाबद्दल अभ्यासकांचं जमत नाही. काही जण हिला तमाशाचीच वैदर्भी शाखा मानतात, गण-गौळण, लावणी, बतावणी (विनोदी सवाल-जवाबाचा भाग) हा सांगाडा तोच दिसतो म्हणून. दुसरे दंडारीसारख्या इथल्याच जुन्या खेळांशी नातं जोडतात, आणि ते जास्त पटतं, कारण सांगाडा एकवेळ बाहेरून आला असेल पण बोली, टोमणे, थट्टेची रीत सगळी गावातलीच आहे. अमुक शतक असं ठोकून सांगणाऱ्यांवर मात्र विसंबू नये.

हसवता हसवता शहाणं करायची मराठी वाट तशी जुनी. जोतीराव फुल्यांच्या 'तृतीय रत्न' (1855) मधला विदूषक मधेमधे बोलून जोशीबुवाची लबाडी उघडी पाडतो. सत्यशोधक समाज 1873 चा, त्यातून पुढे सत्यशोधक जलसे आले, आणि साधारण 1930 नंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे. खडी गंमतीत हेच काम बतावणी करते. समजा हुंड्याचा विषय आहे, मुलाचा बाप आकडा सांगतो, तर सोंगाड्या मुलीचा बाप होऊन म्हणतो, "एवढे पैसे घेता तं पोट्ट्याचे दात पाहू द्या न जी, बैल घेतानी आमी पायतोच!" आणि खरंच नवरदेवाचा जबडा उघडायला जातो, लोक खदखदून हसतात, त्या हसणाऱ्यांत हुंडा घेतलेलेही असतातच, त्यांना भाषण दिलं असतं तर ते उठून गेले असते.

दारू, बुवाबाजी, कुटुंबनियोजन, गावची स्वच्छता असे विषय पुढे सरकारी योजनांच्या प्रचारातूनही आले. कलावंतांना त्यातून मानधन मिळतं, ते मिळायलाच पाहिजे. पण योजनेची माहिती लिहून दिली तशीच म्हणायला लावली की सोंगाड्याची जागाच जाते, गावातलं ताजं प्रकरण पकडून ऐनवेळी बोलायची मोकळीक राहत नाही, आणि लोक नुसते ऐकून घेतात.

झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या, रंगभूमीच्या मुळाशी दंडारीबरोबर खडी गंमतही धरतात. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यासोबत मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, महागाई, भ्रष्टाचार यांची अशीच टर उडवतात, पण ती मिरवणूक, तिला नाटकात मोजत नाहीत.