कारवान: सशाच्या पाठलागातून घडलेला कुत्रा

कारवान पहिल्यांदाच बघणारा माणूस हमखास विचारतो, "ह्याला पोटभर खायला घालत नाही का?" फासळ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, पोट पाठीला लागलेलं, कमरेवर हाडांची दोन टोकं वर आलेली. पाळणाऱ्याला हा प्रश्न सवयीचा झालेला असतो. "अहो, बांधाच तसा आहे," एवढंच तो सांगतो. त्या बांध्यामागे दख्खनच्या माळावरची कित्येक शतकांची धाव आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा कुत्रा कसा दिसावा हे कळत नाही.

आधी नावाचा घोळ सोडवू. लातूर-नांदेडकडे ह्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. कान, पाय आणि शेपटीवर रेशमासारखे लांब केस असले की तो पश्मी. पश्म म्हणजे फारसीत लोकर. कृष्णा ओलांडून बागलकोटकडे गेलं की हाच कुत्रा मुधोळ होतो. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅराव्हॅन हाउंड अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड अशी. नावावरून दोन्हीकडच्या लोकांत वाद होतात. माझ्या मते ते निरर्थक आहेत. मुधोळ संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं आणि १९५६ मध्ये तो भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कुत्रा त्याच्या कितीतरी आधीपासून दोन्हीकडे पळत होता.

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्यांबरोबर आलेला म्हणून कारवानी, ही पाळणाऱ्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली कथा. इराण-अरबस्तानातला सलुकी, मध्य आशियातला ताजी आणि उत्तर आफ्रिकेतला स्लूगी ह्यांच्या शेजारी कारवान उभा केला, तर ही एकाच भाऊबंदकीतली मंडळी आहेत हे सांगावं लागत नाही. बहमनी आणि आदिलशाही काळात अरबी-इराणी घोडे पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत आणि दख्खनच्या फौजांत येत. घोड्यांबरोबर सौदागर आले, शिपाई आले आणि त्यांच्या पायाशी हे कुत्रेही आले असावेत.

इथं आल्यावर मात्र तो सरदारांच्या वाड्यापुरता राहिला नाही. बेरड, पारधी, धनगर, वंजारी आणि कोरडवाहू शेतकऱ्यांनी त्याला आपलंसं केलं. कारण साधं होतं. कुत्रा चांगला असला तर घरात मांस शिजे. ज्वारी निघाली की काळ्या रानात नजर पोचेल तिथवर आडोसा नाही. ससा ढेकळाआड दबून बसतो, अगदी पायाशी येईपर्यंत हलत नाही आणि मग एकदम उठतो. तिथं वास काढत बसणाऱ्या कुत्र्याचा काही उपयोग नाही. कारवान डोळ्यांनी शिकार करतो. ससा सरळ पळत नाही. कुत्र्याचं तोंड जवळ आलं की तो झटक्यात वळतो, पुन्हा वळतो. नुसता वेगवान कुत्रा पुढे निघून जातो. वळणावर तोल सांभाळून पुन्हा वेग धरेल त्याच्याच पोटची पिलं ठेवली गेली. कागदावर वंशावळ नव्हती, पण निवड फार कडक होती.

मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे ह्यांचं श्रेय इथं मान्य करायला हवं. रानात शिकार करणाऱ्या लोकांकडचे हे कुत्रे त्यांच्या नजरेत भरले. त्यांनी चांगले नर-मादी निवडून पैदास सुरू केली आणि इंग्लंडच्या भेटीत पंचम जॉर्जला एक जोडी नजर केली. तेव्हापासून मुधोळचं नाव ह्या कुत्र्याला कायमचं चिकटलं. राजाश्रय नसता तर जात टिकली नसती असं मी म्हणणार नाही. ती झोपड्यांमधून टिकलेलीच होती. पण पारखून, ठरवून पैदास करण्याची शिस्त तिथून आली.

आता आदर्श रूप. नराची उंची खांद्याशी ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादीची ६४ ते ६८. वजन साधारण २० ते २२ किलो. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. लॅब्राडॉर नर उंचीला जेमतेम ५७ सेंटिमीटर असतो आणि भरतो ३० किलोच्या आसपास. म्हणजे कारवान त्याच्याहून वीतभर नाही तरी चांगला सहा-सात बोटं उंच आणि वजनाला मात्र कितीतरी हलका. अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. (म्हणूनच भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना ही जात आधी सांगावी. चरबी कमी असलेल्या ह्या धावणाऱ्या कुत्र्यांच्या अंगातून काही भुलीची औषधं उतरायला फार वेळ लागतो.)

डोकं लांब आणि अरुंद, कानांच्या मध्ये थोडं रुंद, तिथून नाकाकडे निमुळतं होत गेलेलं. जबडा लांब पण ताकदीचा, वरचे पुढचे दात खालच्यांना कात्रीसारखे लागून. कान मध्यम, कवटीला चिकटून खाली लोंबणारे. डोळे मोठे, लांबट गोल. हा डोळा जवळून पाहावा. समोरच्या माणसाकडे तो बघत नसतो, त्याच्या खांद्यावरून पलीकडे, शिवारात कुठेतरी बघत असतो. परक्याने पाठीवर हात ठेवलेला त्याला खपत नाही. गुरगुरत नाही, नुसता अंग काढून बाजूला होतो.

मान लांब, घोटीव, खांद्यात सफाईने उतरलेली. पुढचे पाय लांब आणि सरळ. छाती खोल असली पाहिजे, कारण फुप्फुसं आणि हृदय मावायला जागा तिथंच आहे. पोट आत खेचलेलं असतं त्याचंही कारण धावण्यातच आहे. पूर्ण वेगात हा कुत्रा एका झेपेत दोनदा हवेत असतो. एकदा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढे-मागे ताणलेले असताना. पाय गोळा होताना मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येऊन पडतात. पोट सुटलेलं असेल तर त्यांना यायला वाटच नाही. कंबर रुंद, पुठ्ठे भरलेले, कारण जोर मागून येतो. शेपटी बुडाशी जाड, फार लांब नाही, खालून निघालेली आणि सहज बाक घेतलेली. वळताना तीच सुकाणू. लव अगदी आखूड. रंग कुठलाही चालतो आणि हे मला फार योग्य वाटतं, कारण सशाला रंगाशी देणंघेणं नव्हतं. आखूड केसांच्या जोडीपोटी कधीमधी एखादं पश्मी पिलू निघतं, त्याला भेसळ समजून टाकू नये.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि पुढे ती बंदच झाली. ते योग्यच झालं. पण ज्या परीक्षेने ही जात घडवली ती परीक्षाही त्याबरोबर संपली. राखणीपुरता कुत्रा उरला. त्यात शर्यतींच्या हौसेने ग्रेहाउंडचं रक्त मिसळलं गेलं. सरळ रेषेत पळणारा, जड पुठ्ठ्यांचा कुत्रा 'कारवान' म्हणून विकला जाऊ लागला. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ते घेणाऱ्याला फसवणं आहे आणि जातीला पुसणंही.

चांगलंही घडतंय. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. २०१६ साली मुधोळची पिलं लष्कराने मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतल्यावर चौकशा अचानक वाढल्या. फ्लॅटमध्ये बांधून ठेवण्यासाठी झालेल्या चौकशाही त्यात होत्या. रोज मोकळं पळायला जागा नसेल तर हा कुत्रा घेऊ नये, इतकं स्पष्ट सांगितलेलं बरं.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांसाठी ती प्रसिद्ध आहेच, पण श्वानप्रदर्शनही असतं. खंडोबाच्या मूर्तीत घोड्याबरोबर कुत्रा असतो, तेव्हा जागाही योग्यच. तिथं एका म्हाताऱ्या पारख्याला मी बराच वेळ बघत होतो. समोर वर्षभराचा फिकट तपकिरी नर होता. त्याने तोंड पाहिलं नाही, रंग पाहिला नाही. छातीखाली हात घालून खोली अजमावली, कमरेच्या दोन हाडांमधली जागा बोटांनी मोजली. मग दोरी धरलेल्या पोराला म्हणाला, "पळव, आन् एकदम वळव." पोरगा धुळीत पळाला, दोरीसकट डावीकडे झटकन फिरला, कुत्रा त्याच्या बरोबरीने फिरला. मागचे पाय सरकले नाहीत. तेव्हा कुठे म्हाताऱ्याने किंमत विचारली.