एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वेगळ्या का वाजतात?

रेकॉर्ड तिरकी धरून टॉर्चचा उजेड पाडला, की शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीत काही खुणा दिसू लागतात. संग्राहक या पट्टीला डेड वॅक्स म्हणतात. लेड झेपलिन या रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या सुरुवातीच्या काही अमेरिकन प्रतींवर तिथे ‘आरएल’ अशी अक्षरं हाताने कोरलेली सापडतात. कव्हर तेच, गाणी तीच, अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचं लेबलही तेच. तरी ही अक्षरं असलेली प्रत इतर प्रतींच्या कितीतरी पट किमतीला जाते. दोन्ही एकामागून एक लावल्या, की हा निव्वळ नादिष्टांच्या मनाचा खेळ नाही हे पहिल्या मिनिटातच पटतं.

आरएल म्हणजे रॉबर्ट लुडविग. १९६९ साली ते न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये कटिंग इंजिनिअर, म्हणजे टेपवरचं संगीत रेकॉर्डच्या चरात कोरणारे तंत्रज्ञ, होते आणि वयाने पंचविशीच्या आसपास. बँडचा ड्रमर जॉन बॉनमच्या ड्रम्सचा दणका टेपवर जसा होता तसा रेकॉर्डवर उतरवायचा, असं त्यांनी ठरवलं आणि अल्बम चढ्या आवाजात, भरपूर बास ठेवून कापला. पुढचा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. अटलांटिकचे प्रमुख अहमत एर्तेगुन यांच्या मुलीच्या स्वस्तातल्या रेकॉर्ड प्लेअरवर ही रेकॉर्ड लावली आणि सुई उड्या मारू लागली. कंपनी घाबरली. अल्बम पुन्हा कापला गेला, या वेळी आवाज आणि बास दोन्ही दाबून. लाखो लोकांनी नंतर वर्षानुवर्षं जी रेकॉर्ड ऐकली, ती ही दबलेली.

मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो, कारण प्रेसिंगच्या, म्हणजे एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या वेळी दाबलेल्या प्रतींच्या, तुलनेमागचं सगळं मर्म त्यात आहे. रेकॉर्ड म्हणजे टेपची आपोआप निघालेली नक्कल नव्हे. टेप आणि आपला कान यांच्यामध्ये एक माणूस बसलेला असतो, आणि कुठे किती द्यायचं, कुठे हात आखडायचा, हे तो ठरवतो.

हे हात आखडणं कशासाठी, ते समजायला रेकॉर्ड कशी बनते ते पाहावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो. कटिंग लेथची तापलेली सुई त्यात चर कोरत जाते. त्या लॅकरवर आधी चांदीचा पातळ मुलामा आणि मग निकेलचा थर चढवतात. तो सोलून काढला की उलटा ठसा मिळतो, त्याला फादर म्हणतात. फादरवरून सुलटी मदर आणि मदरवरून पुन्हा उलटा स्टॅम्पर. हा स्टॅम्पर प्रेसमध्ये बसतो आणि गरम पीव्हीसीच्या गोळ्यावर दाबला जातो. स्टॅम्पर झिजतो. झिजला की त्याच मदरवरून नवा काढायचा, मदर थकली की फादरवरून नवी मदर, आणि फादरही संपला की पुन्हा टेप लावून नवं लॅकर कापायचं. त्या वेळी लेथवर दुसराच इंजिनिअर असला, तर अल्बमचा आवाजही दुसरा होतो.

चराला जागा लागते. आवाज मोठा आणि बास दांडगा असेल तर चर रुंद वळणं घेतो आणि एका बाजूवर कमी मिनिटं मावतात. म्हणून कापताना बास कमी आणि तीव्र स्वर जास्त करतात आणि अ‍ॅम्प्लिफायर ते उलटं फिरवतो. अमेरिकेत यासाठीचा एकसारखा मापदंड १९५४ साली ठरला. तरीही मर्यादा उरतेच. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास अर्धा मीटर चर सरकतो, लेबलाजवळ हेच अंतर वीसएक सेंटीमीटरवर येतं. तितक्याच संगीताला निम्म्याहून कमी जागा. बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा फाटल्यासारख्या वाटतात त्या यामुळे. दोन प्रती ताडून पाहताना मी म्हणूनच नेहमी शेवटचं गाणं आधी लावतो. चांगला कटिंग इंजिनिअर तिथे ओळखू येतो.

या वंशावळीच्या सर्वांत नीट नोंदी ठेवल्या त्या इंग्लंडच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने. ‘अ‍ॅबी रोड’ या बीटल्सच्या अल्बमची पहिली ब्रिटिश प्रत घ्या. २६ सप्टेंबर १९६९ रोजी आलेली ही रेकॉर्ड हातात धरून लेबलाभोवती घड्याळाची तबकडी कल्पा. सहाच्या जागी मॅट्रिक्स क्रमांक असतो: पहिल्या बाजूला वायईएक्स ७४९-२, दुसऱ्या बाजूला वायईएक्स ७५०-१. शेवटचा आकडा म्हणजे कितवं लॅकर. नऊच्या जागी मदरचा क्रमांक आणि तीनच्या जागी एखाद-दोन अक्षरं. ही अक्षरं म्हणजे स्टॅम्परचा क्रमांक, ग्रामोफोन लिमिटेड या नावातून काढलेल्या सांकेतिक भाषेत लिहिलेला: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. म्हणजे ‘जीएम’ दिसलं तर चौदावा स्टॅम्पर. नऊला १ आणि तीनला नुसता जी असलेली प्रत हाती लागावी म्हणून माणसं वर्षानुवर्षं शोध घेतात.

कारखान्यातल्या कामगारांनी दर्जा तपासायला कोरलेल्या या खुणा. एखादी प्रत खराब निघाली तर दोष कुठल्या साच्यात आहे ते सापडावं, एवढाच त्यांचा उपयोग होता. पन्नास-साठ वर्षांनी कुणीतरी आपल्या खोलीत भिंग घेऊन त्या वाचत बसेल, हे त्यांच्या गावीही नसेल. मला या खुणा वाचताना त्या अनामिक हातांबद्दल खरोखर आदर वाटतो.

लॅकरच्या आकड्यामागे कधीकधी पूर्ण गोष्ट दडलेली असते. बीटल्सच्या ‘रबर सोल’च्या ब्रिटिश मोनो आवृत्तीचा अगदी पहिला कट, म्हणजे डॅश १, इतका चढा होता की तो लवकरच मागे घेऊन नरम कट आणला गेला. संग्राहकांच्या बोलीत त्या पहिल्या कटाचं नाव ‘लाउड कट’. १९६५ आणि १९६९, दोन देश, दोन कंपन्या आणि कारण जवळपास एकच: साध्या प्लेअरवर सुई टिकली पाहिजे.

मोनोचा विषय निघालाच आहे, तर ‘सार्जंट पेपर’ची आठवण हवी. १९६७ मध्ये इंग्लंडात घराघरांत मोनो प्लेअर होते. बीटल्सनी स्वतः बसून कष्ट घेतले ते मोनो मिक्सवर, म्हणजे सगळे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या मोनो आवृत्तीवर. स्टिरिओ मिक्स नंतर, बराचसा त्यांच्या गैरहजेरीत झाला. ‘शी इज लीव्हिंग होम’ मोनोवर वेगाने आणि वरच्या सुरात वाजतं, स्टिरिओवर ते संथ आणि खाली आहे. इथे फरक कटिंगच्याही आधीचा, मिक्सचाच.

समुद्रापलीकडे गेलं की आणखी एक अडचण. मूळ टेप सहसा मूळ देशातच राहायची. इतर देशांच्या कंपन्यांना तिची नक्कल जायची आणि प्रत्येक नकलेबरोबर टेपची सरसर वाढत, बारकावे थोडे बोथट होत. अमेरिकेत कॅपिटॉलने याहून पुढे जाऊन बीटल्सचे अल्बम तोडून गाण्यांची वेगळी मांडणी केली. त्यांचे अधिकारी डेव्ह डेक्स्टर यांच्या हाताखाली ‘आय फील फाइन’सारख्या गाण्यांवर वरून प्रतिध्वनी चढवला गेला. अमेरिकेत त्या पिढीने हाच आवाज अस्सल मानला, आणि त्यांच्या आठवणींना मी चूक म्हणणार नाही. पण टेपवर ते नव्हतं.

त्यामुळे साधा नियम असा सांगतात की बँड ज्या देशाचा, त्या देशाची पहिली प्रत शोधा. नियम चांगला आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. लेड झेपलिन इंग्लंडचे, आणि त्यांच्या दुसऱ्या अल्बमचा सर्वांत जिवंत कट न्यूयॉर्कचा. चौथ्या अल्बमच्या बाबतीत मात्र ब्रिटिश प्रतीचा मान मोठा. तिच्या डेड वॅक्समध्ये ‘पोर्की’ आणि ‘पेको डक’ असं कोरलेलं असतं. ही जॉर्ज पेकहॅम या कटिंग इंजिनिअरची सही.

१९७३ च्या अखेरीस तेलाचं संकट आलं. पीव्हीसी हे तेलापासूनच निघतं, त्यामुळे रेकॉर्ड पातळ झाल्या आणि जुना माल वितळवून वापरण्याचं प्रमाण वाढलं. याच काळात जपानी प्रतींचं नाव झालं. त्यांचं प्लास्टिक शांत, छपाई देखणी. पण टेप नकलेचीच. शांतता जपानकडून आणि जीव मूळ देशाकडून, अशी ही वाटणी आहे.

कंटाळलेल्या चोखंदळ श्रोत्यांसाठी अमेरिकेत मोबाइल फिडेलिटीने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात नवा मार्ग आणला. टेप निम्म्या वेगाने चालवायची, लेथही निम्म्या वेगाने, म्हणजे तीव्र स्वर कोरताना कटिंगच्या सुईवर ताण कमी. रेकॉर्ड जपानमध्ये जेव्हीसीच्या खास प्लास्टिकवर दाबून घ्यायची. १९७९ साली त्यांनी काढलेला पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अजून शोधला जातो. याच कंपनीबाबत २०२२ मध्ये वादळ उठलं. अनेक वर्षांपासून कापण्याआधी टेपचं रूपांतर डिजिटल फाइलमध्ये होत होतं, आणि ग्राहक मात्र या रेकॉर्ड शुद्ध अ‍ॅनालॉग समजून घेत होते. ज्या रेकॉर्डची जाणत्यांनी वाहवा केली होती, त्यात डिजिटल टप्पा होता. माझं मत स्पष्ट आहे: त्या रेकॉर्ड वाईट वाजत नव्हत्या, पण सांगायला हवं ते सांगितलं गेलं नाही, आणि संग्राहकाचा सगळा व्यवहार साखळीतला प्रत्येक दुवा माहीत असण्यावर उभा असतो.

‘डार्क साइड’नेच मलाही एक धडा दिला. ‘पहिली ब्रिटिश प्रत’ म्हणून मी एका विक्रेत्याकडून ती घेतली. कव्हर निर्विवाद जुनं होतं. घरी येऊन रेकॉर्ड बाहेर काढली आणि लेबल पाहिलं. मार्च १९७३ च्या हार्वेस्ट लेबलच्या पहिल्या प्रतींवर लेबलवरचा त्रिकोण पूर्ण निळ्या रंगाने भरलेला असतो, डेड वॅक्समध्ये ए-२ आणि बी-२. माझ्या प्रतीवर त्रिकोणाची नुसती रेघ होती. जुन्या कव्हरात कुणीतरी नंतरची रेकॉर्ड सरकवली होती. तेव्हापासून कव्हर बघून मी पैसे काढत नाही.

तुलना करतानाची एक गोष्ट आवर्जून सांगतो. दोन्ही प्रती आधी धुवा आणि दोन्हींचा आवाज मापून सारखा करा. एक डेसिबल चढी असलेली प्रत कानाला चांगलीच वाटते, मग ती असो वा नसो. लाउड कटांच्या कीर्तीत याचाही थोडा वाटा आहे. आवाज सारखा केल्यावरही जिथे ड्रम्सना अंग राहतं आणि गायकाचा श्वास ऐकू येतो, तिथे खरा फरक.

आपल्याकडच्या प्रतींकडेही आता मी वेगळ्या नजरेने पाहतो. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनीने बीटल्सच्या एलपी दाबल्या होत्या, आणि मुंबईच्या चोर बाजारात त्या अधूनमधून भेटतात. बहुतेकांवर ओरखडे असतात, प्लास्टिक करकरतं, कव्हरला घडी पडलेली असते. पण डेड वॅक्सवर टॉर्च धरला तर काही प्रतींवर इंग्लंडचेच मॅट्रिक्स क्रमांक दिसतात. कट लंडनचा, प्लास्टिक दमदमचं. अशी एक प्रत मी तीनदा धुतली आणि ब्रिटिश प्रतीशेजारी लावली. चरचर होतीच. पण ती थांबते त्या दोन-चार सेकंदांत बासचं वळण, आवाजाची खोली, सगळं तसंच्या तसं होतं.