मोटार किती तापली हे लांबून कळायला लागलं कसं

थर्मोकपल म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून तापमान मोजणारा सेन्सर, त्यामागचा शोध 1821 चा, ते असो. कारखान्यातला खरा बदल 4-20 मिलिअँपिअर सिग्नलचा, म्हणजे मोजलेला आकडा वायरीतून करंटच्या रूपात पाठवायचा, 1970 नंतरचा, त्याआधी तोच आकडा 3 ते 15 पीएसआय दाबाच्या हवेने नळ्यांतून जायचा. सुरुवात शून्याऐवजी 4 पासून ठेवली हे फार बरं झालं, वायर तुटली की सिग्नल थेट 0 वर येतो आणि मोटार गार आहे असा गैरसमज होत नाही.

तरी नव्वदीत आपल्याकडे बेअरिंगला हात लावूनच अंदाज घ्यायचे, साठीच्या आसपास हात टिकत नाही. वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटारच्या आतल्या तारेच्या गुंडाळीत, पीटी-100 हे तापमानाचे सेन्सर असायचे ते मोठ्या एचटी (उच्च दाबाच्या) मोटारींनाच, वायरी पॅनेलवरच्या स्कॅनरपर्यंत आणि आकडा लॉगबुकात.

घोळ झाला तो 'टेम्परेचर राइज' या शब्दाने, अजून होतो. नेमप्लेटवर इन्शुलेशन (तारेवरचं आवरण) क्लास एफ आणि राइज क्लास बी लिहिलेलं असतं, क्लास बी राइज म्हणजे 80 अंश, तो 80 म्हणजे मोटारचं तापमान नव्हे, भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त ते, आणि हवा धरलेली 40 अंश. आता विदर्भात मे महिन्यात बाहेरच 45 असतं, शेडमध्ये त्याहून जास्त. अलार्म 120 ला लावला तर 75 राइजची धडधाकट मोटार दुपारभर ओरडत बसते, मग कोणीतरी वैतागून सेटिंग 140 करतं आणि तिथेच घात होतो, कारण जानेवारीच्या रात्री हवा 12 असताना राइज 105 वर गेला तरी स्क्रीनवर 117 च दिसतात, अलार्म गप्प. ट्रिप, म्हणजे मोटार आपोआप बंद पडणं, मात्र थेट तापमानावरच हवा, इन्शुलेशनला ऋतू कळत नाही, दर 8-10 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून माझं ठाम मत, अलार्म राइजवर, ट्रिप तापमानावर. काही जण म्हणतात दोन हिशोब ठेवले की ऑपरेटर गोंधळतो, मला ते पटत नाही, वजाबाकी सिस्टीमच करते.

पुढे मोबाइल नेटवर्कवर चालणारे जीएसएम मोडेम आले, अलार्म एसएमएसने घरी यायला लागला. 2005 मध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरायला मिळाला, म्हणून आज बॅटरीवरचे वायरलेस सेन्सर एवढे स्वस्तात बसतात. पण हे बहुतेक मोटारच्या बॉडीवर चिकटवलेले असतात, वाइंडिंग आत कितीतरी जास्त तापलेलं असतं आणि बॉडीला ते उशिरा कळतं. आणि राइजच्या वजाबाकीसाठी शेडमधली हवा मोजायला एक वेगळा सेन्सर लागतो, ऑर्डर देताना नेमका तोच राहून जातो.