पुन्हा काढता न येणाऱ्या फोटोवर काय बोलायचं?

२००६ मध्ये फ्लिकर या फोटो शेअर करण्याच्या वेबसाइटवरच्या एका ग्रुपमध्ये कोणीतरी एक कृष्णधवल फोटो टाकला. ग्रुपची रीत सोपी होती: फोटो पाहायचा, तो ठेवायचा की काढून टाकायचा यावर मत द्यायचं आणि जमल्यास कारणही लिहायचं. फोटोत वरून दिसणारा वळणाचा जिना, त्याचा लोखंडी कठडा आणि खाली रस्त्यावरून निघून चाललेला एक सायकलस्वार. सायकलस्वार पुसट आलेला. फोटो ब्लर आहे, शार्प नाही, या तक्रारी आल्या आणि मतं ‘काढून टाका’च्या बाजूने पडली. तो फोटो आँरी कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध फ्रेंच फोटोग्राफरचा होता, १९३२ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या इएर गावात काढलेला.

हा किस्सा बहुतेक वेळा मत देणाऱ्यांची फजिती म्हणून सांगितला जातो. मला तो तसा सांगवत नाही. ती माणसं मनापासून पाहत होती, फक्त हातातली फूटपट्टी दुसऱ्याच कामासाठी बनलेली होती. रस्त्यावर टिपलेल्या, पुन्हा न काढता येणाऱ्या फोटोवर अभिप्राय द्यायला ती पुरत नाही. आणि ती फूटपट्टी फार जुनी आहे.

फोटोग्राफीच्या संस्था १८५०च्या दशकात सुरू झाल्या. लंडनची १८५३ मध्ये, पॅरिसची १८५४ मध्ये. फोटो ही कला आहे की नुसती यंत्राची करामत, या वादात तिला कला ठरवायचं तर आधार चित्रकलेचाच होता. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ मध्ये फोटोच्या रचनेवर पुस्तक लिहिलं ते चित्रकारांचे नियम घेऊन. याच रॉबिन्सन यांनी १८५८ मध्ये मृत्युशय्येवरच्या तरुणीचं गाजलेलं दृश्य पाच निगेटिव्ह जोडून तयार केलं होतं. आज सर्रास शिकवला जाणारा रूल ऑफ थर्ड्सही (चित्राचे तीन समान भाग कल्पून मुख्य गोष्ट त्या रेषांवर ठेवायची, हा नियम) जॉन थॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्ये लिहिला तो निसर्गचित्रांबद्दल, कॅमेरा यायच्या कितीतरी आधी. हे नियम खोटे नाहीत. पण ते अशा चित्रासाठी आहेत ज्यात झाड थोडं डावीकडे सरकवता येतं. ‘हात जरा वर हवा होता’ असं स्टुडिओतल्या फोटोला सांगितलं तर उद्या तो हात वर करून पुन्हा फोटो काढता येईल. रस्त्यावरचा माणूस मात्र केव्हाच वळून गेलेला असतो.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि खिशात मावणारा कॅमेरा, ३५ मिमी फिल्म आणि एका रोलमध्ये ३६ फ्रेम असं नवं गणित हळूहळू रुळलं. माझ्या मते अभिप्रायाच्या इतिहासातलं खरं वळण इथे आहे. कारण यातून कॉन्टॅक्ट शीट रोजच्या वापराची झाली.

ज्यांनी कधी हातात घेतली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रोलच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कागदावर थेट ठेवून काढलेला हा छाप. प्रत्येक फोटो टपाल तिकिटाएवढा. भिंग लावून ओळीने बघत जायचं आणि पसंत पडलेल्या फ्रेमभोवती लाल पेन्सिलने चौकट मारायची. इथे एकटा फोटो दिसत नाही, फोटोग्राफरची पावलं दिसतात. चौथ्या फ्रेमला तो लांब उभा आहे, पाचव्याला दोन पावलं पुढे, सहाव्याला कोणाची तरी पाठ आडवी आली, आणि सातवी फ्रेम भलत्याच रस्त्याची. म्हणजे पाठ आडवी आल्याबरोबर त्याने नाद सोडला. जाणता माणूस ही शीट पाहून ‘पाठ नको होती’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘तू लवकर निघालास.’ हा सल्ला उद्या उपयोगी पडतो.

कार्तिए-ब्रेसाँ स्वतः फोटो उलटे धरून तपासत. माणूस, चेहरा, गोष्ट हे सगळं क्षणभर बाजूला पडतं आणि नुसते आकार उरतात. आंद्रे लोत या चित्रकाराकडे ते शिकले होते, त्याचा हा ठसा असावा.

न्यूयॉर्कच्या फोटो लीग या फोटोग्राफरांच्या संघटनेने, १९३६ ते १९५१ या काळात, चर्चेला वेगळीच दिशा दिली. तिथे फोटोची रचना पाहत, पण त्याबरोबर हा माणूस तू का टिपलास, या वस्तीशी तुझं नातं काय, हेही विचारत. शिकवणारे सिड ग्रॉसमन कठोर म्हणून प्रसिद्ध होते. १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारने लीगला देशविघातक संघटनांच्या यादीत घातलं आणि चार वर्षांत ती बंद पडली. स्वस्तात शिकवणारी आणि कसून बोलणारी अशी जागा मिटली, याचं मला आजही वाईट वाटतं.

फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांचं अमेरिकेवरचं फोटोंचं पुस्तक १९५८ मध्ये पॅरिसमध्ये आणि १९५९ मध्ये अमेरिकेत निघालं. सुमारे २८,००० फ्रेममधून त्यांनी ८३ फोटो निवडले होते. १९६० मध्ये ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ मासिकात त्यावर टीका आली: निरर्थक ब्लर, ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा), गढूळ एक्स्पोजर, झिंगल्यासारखी तिरकी क्षितिजं. इएरच्या सायकलस्वारावरचा आक्षेपही ब्लरचाच होता, ४६ वर्षांनंतर. त्या संपादकांना तंत्र नक्की कळत होतं. तिरकं क्षितिज हा ८३ फोटोंच्या मांडणीचा भाग असू शकतो, हा प्रश्न मात्र त्या यादीत कुठेच नव्हता.

अभिप्राय घेणाऱ्याची बाजू रस्त्यावरचे फोटो काढणारे अमेरिकी फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड यांनी सगळ्यात नेटकी हाताळली असं मला वाटतं. ते रोल लगेच धुवत नसत, वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबत. ज्या दिवशी फोटो काढला त्या दिवशीची मजा, धडधड, ओळख हे सगळं मनात ताजं असतं आणि आपण ते फोटोत आहे असं समजतो. विसर पडला की फोटो परक्याच्या डोळ्यांनी दिसतो. मग दुसऱ्याचं बोलणं झोंबतही नाही. अर्थात थांबण्याला टोकही असतं: १९८४ मध्ये ते गेले तेव्हा जवळपास २,५०० रोल न धुतलेले राहिले होते.

या सगळ्यात एका माणसाला फार उशिरा विचारलं गेलं, तो म्हणजे फोटोतला माणूस. मॉन्ट्रियलमध्ये पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचा फोटो १९८८ मध्ये तिला न विचारता एका कलाविषयक मासिकात छापला गेला. वर्गातली मुलं हसली, तिने दावा लावला आणि १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची २,००० डॉलरची भरपाई कायम केली. उलट २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने फोटोग्राफर फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांच्याविरुद्धचा तसाच दावा फेटाळला, फोटो कलाकृती आहे म्हणून. कायदा देशागणिक बदलतो. पण त्या मुलीचं म्हणणं हाही अभिप्रायच होता, आणि रचनेवर बोलणाऱ्या कोणालाच तो देता आला नसता.

कोणी फोटो दाखवायला आणला की मी आता दोनच गोष्टी आधी विचारतो. याच्या मागची-पुढची फ्रेम आहे का? आणि या माणसाने तुला पाहिलं होतं का?