हार्ट सर्जन व्हायचंय? मग अकरावीतच दाखल्यांच्या मागे लागा

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, म्हणून प्रवेशही तिथेच होत असेल, असं नाशिकच्या बऱ्याच पालकांना वाटतं. तसं नाही. विद्यापीठ परीक्षा घेतं, पदवी देतं. एमबीबीएसचा प्रवेश नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळतो आणि राज्याच्या जागांच्या फेऱ्या राज्य सरकारचा सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्ष घेतो.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के हवेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ पूर्ण पाहिजेत. नीट मराठीतूनही देता येते.

खरी मेख पुढेच आहे. शासकीय कॉलेजांत ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के अखिल भारतीय. राज्याच्या जागेसाठी अधिवास दाखला तर लागतोच, शिवाय दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली लागते (बदलीवरच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत). क्लाससाठी राजस्थानात गेलेल्या पोराने बारावीही तिकडूनच दिली, की कोट्याला गेला आणि कोटा गेला!

कागद: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, नीटचं प्रवेशपत्र व निकाल, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास दाखला, फिटनेस सर्टिफिकेट, आधार. आरक्षण असेल तर जातीचा दाखला आणि जात वैधता; ओबीसींना नॉन-क्रिमीलेअरही. ते कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतं, हे नीट बघा. वैधतेच्या अर्जाला कॉलेजचा सही-शिक्का लागतो, वेळही जातो. म्हणून अकरावीतच अर्ज टाका. नावं सगळीकडे सारखी हवीत. माझ्या भाच्याच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होतं, आधारवर नव्हतं. त्या एका ‘राव’पायी आम्ही सेतूचे दोन आठवडे हेलपाटे घातले.

एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक. मग नीट-पीजी देऊन एमएस जनरल सर्जरी तीन वर्षं, त्यानंतर नीट-एसएस (सुपर स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) आणि एमसीएच सीव्हीटीएस, म्हणजे हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेची पदवी, आणखी तीन. एम्ससारख्या संस्थांची आयएनआय-एसएस ही परीक्षा वेगळी. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं डीआरएनबीही (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमसीएचच्या तोडीची पदवी) आहे. वर्षं तेवढीच, पण मधली एक प्रवेश परीक्षा वाचते. कुठेच वर्ष वाया गेलं नाही, तरी तिशी येतेच. आणि अँजिओप्लास्टी करणारे ते कार्डिओलॉजिस्ट. त्यांची वाट एमडी मेडिसिन, मग डीएम (हृदयरोगातली सुपर स्पेशालिटी पदवी). बायपास करतो तो सर्जन. अर्ज भरण्याआधी पोराला नक्की काय व्हायचंय, ते विचारा.

शासकीय कॉलेजात बंधपत्रावर (शिकून झाल्यावर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याची हमी) सही करावी लागते, ती वाचून करा. मूळ कागद प्रवेशावेळी कॉलेजात जमा होतात. त्याआधी सगळे स्कॅन करून ठेवा.